"तुझी सय झाली" – 'सय' म्हणजे नक्की काय?

तिखटमीठ:
आईचं शिवणयंत्र विकायला काढलं म्हणून त्याचा खण रिकामा करत होते. बॉबिनच्या डब्याखाली एक पोस्टकार्ड सापडलं. आजीने (आईच्या आईने) माण तालुक्यातून लालबागला धाडलेलं. शिक्का पुसट झालाय, पण जुलै १९७२ एवढं वाचता येतं. मजकूर जसाच्या तसा देते:

"चि. सौ. ताई हीस आशीर्वाद. इकडील सर्व ठीक. बेंदूर झाला. पोळ्या केल्या. काल तलाठी येऊन गेला. तुझी सय झाली. पाऊस नाही. पोरास जपणे."

मी वाचलं आणि तिथेच फतकल मारून बसले. आजीला लेकीची आठवण झाली, एवढं साधं मला कळलं. भावाला फोटो पाठवला तर त्याचा उलटा फोन: "अगं वेडे, ती सही आहे. गावाकडे सहीला सईच म्हणतात. आजोबा आदल्या वर्षी गेले होते, वारसनोंद चालू असणार. तलाठी येऊन गेला, तुझी सही झाली. आई तर मुंबईत. मग सही केली कोणी?"

तेव्हापासून घरात दोन पक्ष आहेत, सयवाले आणि सहीवाले. जाणकारांनी सांगावं. 'सय' हा बोलण्यातला शब्द आहे की फक्त कवितेतला? आणि 'सय झाली' असं म्हणतात का? मी तर 'सय येते' एवढंच ऐकलंय.

खडीसाखर:
सय म्हणजे आठवण. विषय संपला. पोळ्यांनंतर आलंय ना वाक्य, मग आठवणच.

पावशेर:
पोळ्यांनंतर नाही, तलाठ्यानंतर आलंय. नीट वाचा. तलाठी पाहून लेकीची आठवण कोणाला होते?

दीडशहाणा:
माझ्या मते 'सवय'मधला व गळून 'सय' झालं. माणसाची सवय लागली की मग त्याची सय येते. अर्थही किती छान जुळतो बघा!

उखळमुसळ:
दीडशहाणा, अर्थ छान जुळला की व्युत्पत्ती हमखास चुकलेली असते, असा माझा अनुभव आहे. :)

सय आली 'स्मृति'वरून. प्राकृतात शब्दाच्या मधला त गळतो. 'माता'ची 'माय' झाली ती अशीच. स्मृतिचं पालीत 'सति', महाराष्ट्री प्राकृतात 'सइ' आणि आपल्याकडे 'सय'. म्हणजे स्मृती आणि सय या एकच. एक पोथीतून आली, दुसरी पायी चालत आली, म्हणून दुसरीचे कोपरे झिजले.

आता भावाच्या शंकेकडे. ती वाटते तितकी वेडगळ नाही, कारण या उच्चाराभोवती बरीच गर्दी आहे. कागदावरची सही अरबीतून आली, मूळ अर्थ 'बरोबर, खरं'. मैत्रीण या अर्थाची सई आली सखीवरून, आणि प्राकृतात सखीला चक्क 'सही' म्हणत. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाहा सत्तसईतली सई आणखी निराळी, ती 'शती'. सातशे गाथा म्हणून सत्तसई. त्यामुळे जुन्या पत्रात 'सई' दिसली तर मागचंपुढचं बघितल्याशिवाय हात घालू नये.

जाता जाता, 'विसरणे' हेसुद्धा वि + स्मर. विस्मर, मग विसर. तुकोबा 'हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा' म्हणतात, तेव्हा त्या 'विसर'च्या पोटात स्मरण दडून बसलेलं असतं.

टिंब:
आणि संस्कृतात 'स्मर' म्हणजे मदन. कोणाची सतत आठवण येत असेल तर ताप आलाय की स्मर आलाय ते आधी तपासून घ्यावं.

घंटानाद:
उखळमुसळ यांनी 'सति' काढलं म्हणून लिहितो. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं होतं. पहाटे चारला घंटा, दहा दिवस तोंड बंद. तिथे सति म्हणजे गेल्या गोष्टी आठवणं नव्हे. उलट मन मागे पळालं की त्याला आत्ताच्या श्वासावर परत आणायचं, म्हणजे भान ठेवायचं. मी तिसऱ्या दिवशी श्वास सोडून शाळेतल्या भांडणावर पोचलो आणि चौथीत माझी पट्टी कोणी मोडली होती ते मला लख्ख आठवलं. आता कळतंय की मला सति जमत नव्हती, सय जमत होती.

पावशेर:
कोणी मोडली होती?

घंटानाद:
तो आता माझा व्याही आहे. जाऊ दे.

खवटराव:
सगळे एवढे भारावलेत म्हणून थोडं मीठ टाकतो. 'सय' हा दिवाळी अंकी शब्द आहे. कवितेत सय आली की मागोमाग पारिजात येतो, ओलं अंगण येतं, कातरवेळ येते आणि शेवटी कवी स्वतःच दाटून येतो. गेल्या तीस वर्षांत बसमध्ये, बँकेत, लग्नात, मयतीत कोणाच्या तोंडून मी हा शब्द ऐकलेला नाही. 'आठवण' हा चांगला, कष्टाळू शब्द आहे. ग्रेससारख्या कवीला, ज्याच्याकडे शब्दांची ददात नव्हती, त्यालाही 'भय इथले संपत नाही, मज तुझी आठवण येते' असंच लिहावंसं वाटलं. तिथे 'सय' घातली असती तर ओळ गुळचट झाली असती.

माणगंगाकाठी:
खवटराव, तुमी ज्या बशीत बसता ती आमच्या गावाला येत न्हाय, एवढाच याचा अर्थ.

आमच्यात हा शब्द रोजचा हाय. आज्जी हयात हुती तवर रोज कानावर पडायचा, आता आई बोलती. पारिजातक न्हाय का कातरवेळ न्हाय. म्हशीचं रेडकू दगावलं तर म्हस सांजच्याला दावणीला आली की हंबरायची, पान्हा चोरायची. आज्जी म्हणायची, "तिला सय हुतीया, आज मारू नगासा तिला." मग तिच्याम्होरं पेंडीचं घमेलं ठेवून पाठीवर हात फिरवत बसायची. आता यात कविता कुठं आली? शेरभर दुधाचा प्रश्न हुता.

आन तिखटमीठताई, 'सय हुती' म्हणत्यात. 'सय येती' बी म्हणत्यात. तुमच्या आज्जीनं चुकीचं कायबी लिवलं न्हाई. पर सहीला आमच्यात सईच म्हणत्यात, ह्येबी खरं. दादाला एकदम उडवून लावू नगा.

खवटराव:
म्हशीपुढे मी हरलो. मागे घेतो. कवींच्या बाबतीत मात्र घेत नाही.

ओलीसुकी:
माणगंगाकाठी, रेडकाचं वाचून गप्पच झाले.

मला वेगळंच सुचलं. 'आठवण'ला आपण किती कामाला लावलंय बघा. आठवण येते, होते, राहते, जाते. आपण ती काढतो, ठेवतो, दुसऱ्याला करून देतो. निरोप सांगतो, "आम्ही आठवण काढली होती म्हणून सांगा." पिशवी हातात देताना म्हणतो, "कोथिंबीर आठवणीने आण." आता यातल्या कुठल्याही वाक्यात 'सय' घालून बघा. 'सय काढली म्हणून सांग' होत नाही. 'सयीने कोथिंबीर आण' म्हटलं तर माणूस बाजारातून रडत परत येईल.

म्हणजे सय नुसती येते किंवा होते. तिला कोणी आणू शकत नाही, ठेवू शकत नाही, दुसऱ्याला करून देऊ शकत नाही. मला वाटतं दोन शब्दांत फरक आहे तो हा. हळवेपणाचा नाही, ताबा कोणाचा त्याचा.

उखळमुसळ:
ओलीसुकी, हे फार नेमकं पकडलंत. समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेलं म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे त्यात 'शिवरायाचे आठवावे रूप, शिवरायाचा आठवावा प्रताप' असं आहे. 'आठवावे' ही आज्ञा आहे. आठवणं हे काम आहे, ते नेमून देता येतं. सयीला असा विध्यर्थ नाही, कारण तिचं क्रियापदच नाही. नामापुरती शिल्लक राहिलीय बिचारी.

बारदान:
सरकारी नोकरीतला माणूस म्हणून भर घालतो. आमच्याकडे सयही नाही आणि आठवणही नाही. आमच्याकडे 'स्मरणपत्र'. पहिल्या स्मरणपत्राला कोणी उत्तर देत नाही, कारण दुसरं येणार हे ठाऊक असतं. दुसऱ्यात 'संदर्भीय पत्राचे अवलोकन व्हावे'. तिसऱ्यात 'ही बाब गंभीर आहे'. एकदा माझ्या टेबलावर सहावं स्मरणपत्र आलं. मूळ पत्र शोधायला गेलो तर ते मीच, आधीच्या टेबलावर असताना, स्वतः पाठवलेलं होतं.

टिंब:
बारदान, स्वतःची सय होणं ते हेच.

नागपुरी_संत्र:
आमच्या विदर्भात तर भाऊ सय गिय काही नसते. आमच्याकडे याद. "मायची लय याद येऊन रायली" म्हनते पोरगी फोनवर. पुन्याचे लोक म्हनतात हिंदी आहे. अरे, याद फारशीतून आली, तुमच्या पेशव्याईच्या कागदात भरून पडली आहे! यादी म्हनजे काय? याद राहावी म्हनून केलेला कागद, तेच ना? यादास्त शब्द जुन्या दप्तरात पानोपानी सापडते. किराना आनाची यादी चालते आन माय आठवली की याद चालत नाही, हा कुठला न्याय?

खडीसाखर:
पश्चिम महाराष्ट्रातही याद आहे की. फक्त आम्ही ती धमकी द्यायला वापरतो. "याद राख, परत अंगणात पाऊल टाकलंस तर."

नागपुरी_संत्र:
हाहाहा. म्हनजे तुमच्याकडं आठवन प्रेमाची आन याद मारामारीची. बरं आहे.

पावशेर:
आणि यादी लग्नाची. याद्या झाल्या की लग्न ठरलं. मग पुढे आयुष्यभर 'याद राख'.

परदेशी_पोळी:
इथे नेदरलँड्समध्ये आमची मुलं आजीला फोनवर "आजी, आय मिस यू" म्हणतात. मी म्हटलं मराठीत सांग. तर धाकटी म्हणाली, "आजी, मी तुला मिस करते." सासूबाईंना वाटलं मिस म्हणजे चुकवते. त्या म्हणाल्या, "चुकवतेस कशाला गं, रोज फोन कर की."

मिसचं मराठी करायला 'आठवण येते' पुरत नाही असं कधीकधी वाटतं. पोर्तुगीजमध्ये म्हणे एक...

खवटराव:
थांबा. 'सौदादे' म्हणणार असाल तर धाग्याला कुलूप लावा. आठवणीवरच्या चर्चेत पहिल्या पानावर हा शब्द यायलाच हवा असा काही कायदा आहे का?

कायतूर:
गोव्यातून हात वर करतो. सौदादे ठेवा बाजूला, आमच्या कोंकणीत 'उगडास' आहे. "म्हाका तुजो उगडास येता." तुमची आठवण बाई, आमचा उगडास पुरुष. लहानपणी मला वाटायचं की उघड्यावर आल्यासारखं होतं म्हणून उगडास. व्युत्पत्ती उखळमुसळांनी बघावी, नाहीतर मी दीडशहाणा होईन. माझी आई मालवणची, ती "तुजी आटवण येता" म्हणायची आणि बाबा "उगडास येता". घरात दोन्ही चालायचं. भांडण झालं की एकही नाही.

दीडशहाणा:
माझं नाव आता विशेषण झालंय वाटतं. चालू द्या.

उखळमुसळ:
उगडासची मला खात्री नाही, त्यामुळे मी गप्प.

निळीशाई:
थोडा गंभीर मुद्दा. आत्तापर्यंत सगळ्यांनी स्मृतीचा मऊ अर्थच घेतला. पण आमच्या घरात 'स्मृती' म्हटलं की आधी आठवण डोळ्यांसमोर येत नाही, मनुस्मृती येते. श्रुती म्हणजे ऐकलेलं, स्मृती म्हणजे लक्षात ठेवून पुढे दिलेलं. कोणी लक्षात ठेवलं, आणि कोणाला काय लक्षात ठेवायला लावलं, याचा हिशोब त्या शब्दात आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती स्मृती जाळली, त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर. माझे पणजोबा त्या डिसेंबरच्या परिषदेला चालत गेले होते असं घरात सांगतात. त्या चालत जाण्याची आठवण आम्ही ठेवलीय. इथे 'ठेवलीय' हेच क्रियापद हवं. सय आली तर आली, नाहीतर गेली, असं करून आम्हाला चाललं नसतं.

ओलीसुकी:
निळीशाई, पटलं. ताबा नसणं ही काही नेहमीच चैन नसते. मी हे धरलंच नव्हतं.

बारदान:
+१

रिधपूरची_वाट:
ठेवण्यावरून महानुभावांची गोष्ट सांगायलाच हवी. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या भक्तांकडे काय होतं? फक्त आठवणी. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या. ज्याने जी लीळा पाहिली त्याला गाठायचं, त्याच्याकडून ऐकायची, लिहायची. लीळाचरित्र झालं ते असं, तेराव्या शतकाच्या अखेरीस. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ मुळात आठवणींचा संग्रह आहे.

पुढची गोष्ट आणखी भारी. परंपरा असं सांगते की मूळ पोथी धाडीत गेली. मग ज्यांना पाठ होती त्यांनी ती पुन्हा सांगितली, त्यात हिराइसा ही बाई. तिच्या नावाचा पाठच आहे. आठवणी गोळा करून केलेलं पुस्तक हरवलं आणि ते परत आठवून लिहिलं! त्यातही दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवायचे, हे असं आणि ते तसं. आमच्या घरात लग्नाच्या मानपानाची हकिगत तीन जणांकडून तीन तऱ्हांनी ऐकायला मिळते, आणि आम्ही मात्र दोघांना खोटं पाडून एकच ठेवतो.

चक्रधरांच्या मागे पंथ सांभाळला त्या नागदेवाचार्यांच्या आठवणींचा ग्रंथ आहे त्याचं नावच स्मृतिस्थळ. 'तुमचा अस्मात् कस्मात् मी नेणें गा' हे त्यांचं केशवराजांना दिलेलं उत्तर त्यातलंच. म्हणजे गंमत बघा, 'मला तुमचं संस्कृत नको, मऱ्हाटीत विचारा' म्हणणाऱ्या माणसाच्या आठवणींना नाव मात्र तत्सम, स्मृतिस्थळ. सयस्थळ नाही.

चिंचेचाकोळ:
नावावरून आठवलं. रमाबाई रानड्यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' असं साधं नाव ठेवलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या पुस्तकाचं नाव 'स्मृतिचित्रे' असं संस्कृत, आणि आत उघडलं तर सगळी घरगुती, चुलीजवळची, फटकळ मराठी. बाहेर पैठणी आणि आत रोजचं लुगडं. मला दोन्ही आवडतात, पण लक्ष्मीबाई बोलताना 'स्मृति' म्हणत असतील असं वाटत नाही.

आणि सई परांजप्यांनी आपल्या पुस्तकाला 'सय' नाव दिलं. ती कोटी फक्त त्यांनाच शक्य होती.

बाकी 'स्मरणार्थ' हा शब्द कुठे वाचला जातो सांगू? देवळातल्या पंख्यावर. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात तीन पात्यांवर तीन ठिकाणी 'कै. वडिलांचे स्मरणार्थ' रंगवलंय. पंखा लावला की वडील दिसेनासे होतात. मे महिन्यात भजनाच्या वेळी दोन तास वडील गरगर फिरतात आणि वीज गेली की परत येतात.

टिंब:
महावितरणमुळे होते ती सय.

सातबारा:
तीन पानं झाली, म्हैस झाली, महाड झालं, पंखा झाला. मूळ प्रश्नावर कोणी येणार का? मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय म्हणून सहीच्या बाजूने बोलतो.

वडील वारले की वारसनोंद होते. तलाठी वारसांची नावं लिहितो, फेरफार घालतो (गाव नमुना ६), हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी ही वडिलांची वारस आहेच. पण खेड्यात काय व्हायचं? लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं वर्दीतच द्यायची नाहीत, नाहीतर त्यांच्याकडून 'मला हिस्सा नको' असा जबाब लिहून घ्यायचा. खरं तर हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं लागतं, तलाठ्यापुढच्या साध्या जबाबाने हक्क सुटत नाही. पण एकदा नाव लागलं नाही की पुढे विचारतो कोण? वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांसारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली.

त्यामुळे भाऊ म्हणतो ते अशक्य नाही. 'तलाठी येऊन गेला, तुझी सही झाली' हे वाक्य मी नोकरीत शंभरदा ऐकलंय. जुने फेरफार आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन बघता येतात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. कार्डावर वाद घालण्यापेक्षा ते बरं.

खडीसाखर:
माझ्या आईचीही अशीच सही घेतली. राखीपौर्णिमेला. ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद आणि पेन. तिने केली. साडी मिळाली.

माणगंगाकाठी:
:(

आमच्यातबी हेच. पर एक इचारतो. ७२ चा जुलै म्हणजे दुष्काळ. माणात त्याआधीची दोन वर्संबी वाळलेलीच हुती. अशा टायमाला तलाठी कुणाच्या वारसनोंदीला घरी येईल व्हय? आज्जी सांगायची, त्या साली तलाठी दिसला की बाया घागरी उचलून वाट सोडायच्या, कारण त्यो तगाईची, म्हंजी शेतीसाठी घेतलेल्या सरकारी कर्जाची, वसुली मागायचा.

ओलीसुकी:
कार्डावरचं अक्षर कोणाचं आहे? आजीला लिहिता येत होतं का? तिखटमीठ, कुठे गायब झालात?

तिखटमीठ:
सगळ्यांना धन्यवाद, आणि उशिराबद्दल माफी. अक्षर कोणाचं हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आजीला लिहिता येत नव्हतं! मग मावशीला फोन केला. ती फलटणला असते. कार्ड वाचून दाखवलं तर पलीकडून हसायचाच आवाज. म्हणाली, "अगं, ते मीच लिहिलंय. चौथीत होते. 'पोरास जपणे' मी माझ्या मनाने घातलं, गुरुजींच्या पत्रात असायचं तसं."

मग तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत:

"तलाठी तगाईसाठी आला होता. बेंदराचा दुसरा दिवस. दारात आलेल्याला उपाशी कसं लावायचं म्हणून आईने आदल्या दिवशीच्या दोन पोळ्या वाढल्या. दूध नव्हतंच, म्हशी विकलेल्या. तूप होतं नखभर, ते पुढे केलं. तर तो म्हणाला, तूप नको, गुळवणी असली तर द्या. आमच्यात गुळवणीवर पोळी खाणारी एकटी ताई. आई वाटी घेऊन आत गेली ती बाहेर येईना. मी बघायला गेले तर चुलीपाशी उभी, वाटी हातात. मला म्हणाली, जा तूच दे. दुसऱ्या दिवशी मला बसवून कार्ड सांगितलं."

मी विचारलं, मावशी, 'आठवण' का नाही लिहिलंस? तर म्हणे, "मी तेच लिहीत होते. शाळेत आठवणच शिकवलेलं. 'तुझी आठ' एवढं लिहिलं होतं. आईने विचारलं काय लिहिलंस, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी सांगते तेच लिही. मग ते थुंकी लावून खोडलं."

कार्ड परत बघितलं. 'सय'च्या खाली खरंच एक करडा डाग आहे. मी इतके दिवस तो गुळाचा समजत होते.

आणि सहीबद्दल विचारलं तर म्हणाली, "आईच्या तोंडात सही शब्दच नव्हता गं. ती 'आंगठा' म्हणायची. दुसऱ्याने पेनाने केली तरी ती आंगठाच."

उखळमुसळ:
म्हणजे व्युत्पत्ती, व्याकरण, महसूल, सगळे एका बाजूला आणि चौथीतली मुलगी एका बाजूला. मी टोपी काढतो.

खवटराव:
'तुझी आठ' वर थुंकी. या धाग्यावर मी आता काही बोलत नाही.

पावशेर:
मी आधीच विचारलं होतं की तलाठी पाहून लेकीची आठवण कोणाला होते. उत्तर मिळालं. माझे शब्द गिळतो, गुळवणीबरोबर.

सातबारा:
छान. पण फेरफार पाहिलात का?

तिखटमीठ:
भावाने काढलाय. नोंद १९७६ ची आहे. मामांची नावं आहेत, आईचं आणि मावशीचं नाही. खाली जबाब जोडलाय, त्यावर आईची सही आहे आणि ती तिचीच आहे, शेवटच्या अक्षराची शेपटी मला लांबून ओळखू येते. मावशी म्हणाली, "त्याचं मला विचारू नको." त्याचा वेगळा धागा काढेन, इथे नको.

माणगंगाकाठी:
काढाच. आन ताई, कार्डात 'पोरास जपणे' हाय, त्यो पोर म्हंजी ह्योच सहीवाला दादा का?

तिखटमीठ:
तोच. तेव्हा सात महिन्यांचा होता. शिवणयंत्र विकायचं नाही असं आता तोच म्हणतोय.